बंद केल्याची वेळ

८ नोव्हेंबर

अपूर्णांक घातांक! आज अकरावीने नाकी नऊ आणले. पूर्ण घातांक सगळ्यांना येतात. दोनचा तिसरा घात आठ — झोपेतही सांगतील. पण आठचा एक-तृतीयांश घात म्हटलं की चेहरे कोरे. मागच्या बाकावरचा तो — सगळे त्याला वकील म्हणतात, आता मीही म्हणते — उभा राहिला. "बाई, तीनदा गुणा म्हटलं तर गुणतो. तिसरा हिस्सा गुणा म्हणजे काय करू? हात अर्धवट वर करून थांबू?" वर्ग खिदळला. मलाही हसू आलं, म्हणून जास्तच चिडले.

घरी आले तर हा मागच्या कारखान्यात भट्टीची तयारी करत होता. कारखाना म्हणजे काय, अंगणापलीकडची एक लांबट शेड. चाक, मातीची पिंपं, कोपऱ्यात विटांची गॅसभट्टी. मी वर्गाचं गाऱ्हाणं मांडलं. म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी! तर म्हणतो कसा, "घड्याला नावं ठेवायची नाहीत. घडा मी करतो. पालथा तुम्हीच घातला असेल, बाई." लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी मला 'बाई'च म्हणतो, आणि तेही मुलांच्या सुरात.

या खेपेला मोठी भट्टी आहे. एका नव्या खानावळीची सगळी ताटं, वाडगे, पेले. शिवाय त्याने स्वतःसाठी केलेल्या पाच उंच बरण्या. त्यांना त्याने नवी निळी झिलई दिली आहे. मला बघूही देत नाही. "भाजून झाल्यावर."

१० नोव्हेंबर

आप्पा आणि हा पुन्हा भांडले. म्हणजे हा भांडला. आप्पांना — माझ्या सासऱ्यांना — दोन वर्षांपूर्वी झटका आल्यापासून एकच शब्द बोलता येतो, 'बरं'. उजवा हात गेला. पण तेवढ्या एका 'बरं'मध्ये ते नाही, हो, मूर्खा आणि चहा दे — सगळं म्हणतात.

भांडणही तेच जुनं. भट्टीच्या मागच्या भिंतीला एक भोक आहे, त्याला आमच्या घरात 'डोळा' म्हणतात. त्यातून आतला शंकू, म्हणजे ठरल्या तापाला मऊ होऊन वाकणारा मातीचा छोटा सुळका, बघायचा. शंकू वाकून आडवा झाला की भट्टी झाली. मग गॅस बंद, धुरांड्याची झडप बंद आणि डोळ्यात वीट. आप्पा त्यांच्या काळात विटेभोवती ओली माती लिंपायचे. गार वारा आत जाऊन भांडी तडकायला नकोत म्हणून. हा म्हणतो, वीट पुरे, आता विटा सरळ येतात, चिखल कशाला! आज आप्पा डाव्या हातात मातीचा गोळा घेऊन त्याच्यासमोर उभे राहिले. याने हात जोडले. "आप्पा, माझी भट्टी, माझी वीट." आप्पा म्हणाले, "बरं." ते मूर्खाचं 'बरं' होतं.

११ नोव्हेंबर

भट्टी भरून झाली. उद्या पहाटे पेटवणार. खांदा दुखतोय म्हणाला, डावा. जड फळ्या उचलतोय चार दिवस, दुखेल नाही तर काय! मलम चोळून दिलं. डॉक्टरांकडे जा म्हटलं. "भट्टी झाल्यावर." याचं सगळंच भट्टी झाल्यावर.

आमची पैजही लागली. दर भट्टीला लागते. भट्टी गार व्हायला किती वेळ, हे तो भिंतीला तळवा लावून सांगतो आणि मी कागदावर. हरतो बहुतेक तोच, कारण त्याला धीर नाही, तळवा भाजला तरी म्हणतो उघडू. मागच्या वर्षी घाईत उघडली आणि अर्धी ताटं टण् टण् करत तडकली. तेव्हा मी एक शब्दही बोलले नाही. तो म्हणाला होता, "त्यापेक्षा बोल गं काहीतरी."

१३ नोव्हेंबर

काल तो गेला.

१६ नोव्हेंबर

लिहिल्याशिवाय डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते.

बुधवारी शाळेतून आले तेव्हा सव्वासहा झाले होते. घरात दिवा नव्हता. आप्पा आपल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते, चादर डोक्यापर्यंत. वाटलं झोपलेत. मागे गेले. भट्टीचा आवाज बंद होता. म्हणजे झाली, असं मनात आलं. आणि मी काय केलं? आधी काट्याकडे बघितलं! दाराशीच तापमानाचा काटा आहे, खाली पाटी टांगलेली आहे, येताजाता ज्याला दिसेल त्याने आकडा लिहायचा — हाच आमचा शिरस्ता. मी खडू घेतला आणि लिहिलं: सव्वासहा, ९८०. मग वळून त्याला हाक मारली. तो चाकाच्या पलीकडे जमिनीवर होता. कधीचाच गेलेला.

नवरा मरून पडलाय आणि बायको पाटीवर आकडा लिहितेय. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय. दुपारी कधीतरी. कधीतरी म्हणजे कधी? "नेमकं नाही सांगता येणार. शेडमध्ये एवढी उष्णता होती." झटक्यात गेले असतील, म्हणाले. असतील.

आणि तो फोन. एक वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन आला होता. मी वर्गात होते. वकिलाला समजेल असं उदाहरण शेवटी सापडलं होतं आणि मी रंगात आले होते. "समजा एक भट्टी आहे. नऊ तासांत तिची उष्णता निम्मी होते. मग तीन तासांत किती उरेल?" फोन टेबलावर थरथरला. मी नाव बघितलं, तो बंद केला आणि पालथा घातला. फळ्यावर त्याचीच भट्टी होती!

अडीचला सुटीत मी फोन केला. उचलला नाही. वाटलं, बर्नरच्या आवाजात ऐकू आला नसेल.

१७ नोव्हेंबर

कशाला केला होता फोन?

१८ नोव्हेंबर

माणसं येतात, बसतात, जातात. 'चांगलं मरण आलं' म्हणतात. 'हातात काम असताना गेला.' सगळ्यांचं उचलली जीभ लावली टाळ्याला. मी मान डोलावते.

लेक आली आहे, नोकरीवरून दोन आठवड्यांची रजा काढून. ती माझ्याकडे बघत राहते. काल विचारलं तिने, "आई, बाबांनी कुणालाच फोन नाही केला का गं?" मी खोटं बोलले नाही. केला होता, मला, मी वर्गात होते. ती उठून भांडी घासायला गेली. घासलेलीच भांडी.

सगळं या एकाच गोष्टीवर येऊन थांबतं. तो फोन छातीत कळ आल्यावर केलेला असेल, तर मी उचलला असता तर तो आज इथे बसला असता. शाळा काही सातासमुद्रापार नाही. पंधरा मिनिटांचा रस्ता. आणि फोन साधाच असेल — गॅसचं सिलिंडर संपत आलंय, येताना चहापत्ती आण — तर मग नाही. मग ते नुसतं मरण आहे. नुसतं मरण मी सोसेन.

१९ नोव्हेंबर

दीर आले होते. भट्टी उघडून टाकू म्हणतात. खानावळवाल्याचा निरोप आलाय त्यांच्याकडे. नाही म्हटलं. अजून गरम आहे म्हटलं. "सात दिवसांनी?" म्हणाले. हो, सात दिवसांनी!

आता आप्पाही सुरू झालेत. चार दिवस झाले, मी दिसले की डाव्या हाताने माझं मनगट धरतात आणि कारखान्याकडे ओढतात. "बरं, बरं, बरं." त्यांनाही उघडायचीच घाई! आज मी हात झटकून टाकला. ओरडलेच. "तुमच्या मुलाची शेवटची भट्टी आहे आप्पा, ती उघडली की संपलं सगळं!" त्यांनी एकदा कारखान्याकडे बघितलं. मग गेले खोलीत. मला इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही.

२१ नोव्हेंबर

शाळेत गेले. घरात राहून तरी काय करू!

फळा पुसलेला होता, पण माझ्या अकरावीने वह्यांमध्ये भट्टी जपून ठेवली होती. कुणीतरी चित्रही काढलं होतं, धुरांड्यातून धूर वगैरे. त्यांना ठाऊक आहे ती कुणाची भट्टी ते. सगळे इतके शहाण्यासारखे बसले होते की मलाच रडू येईल असं वाटलं. वर्गाने तेवढं तरी शहाणं असू नये.

उदाहरण पुरं केलं. नऊ तासांत निम्मी. तीन तासांत जो हिस्सा उरतो, तो तीनदा गुणला की निम्मं यायला हवं. म्हणजे उरणारा हिस्सा काय? अर्ध्याचं घनमूळ! अर्ध्याचा एक-तृतीयांश घात! साधारण शून्य पूर्णांक एकोणऐंशी. वकिलाने कपाळावर हात मारला. "असं होय! हात अर्धवट वर करायचा नाही, वेळच अर्धवट घ्यायचा!" पंचवीस वर्षांत एवढं चांगलं मी कधी सांगितलं नसेल.

मग तो पुन्हा उभा राहिला. "बाई, आणि उलटं? किती उरलंय ते माहीत असेल, तर किती वेळ झाला ते काढता येतं?"

येतं, म्हटलं. त्यालाच घातांकी समीकरण म्हणतात. अज्ञात घातांकात बसलेला असतो. आणि खडू हातात तसाच राहिला.

किती उरलंय ते मला माहीत आहे! मी स्वतः पाटीवर लिहिलंय. सव्वासहाला नऊशे ऐंशी.

तास कसा संपवला आठवत नाही. शिक्षकांच्या खोलीत बसले. शेडमधली हवा तीस अंश. शंकू पडतो तेव्हा काटा बाराशे तीस दाखवतो, दर वेळी. म्हणजे बंद करताना फरक बाराशेचा. सव्वासहाला फरक साडेनऊशेचा. साडेनऊशे भागिले बाराशे — एकोणऐंशी! शून्य पूर्णांक एकोणऐंशी! लॉगचं टेबलही उघडावं लागलं नाही. अर्ध्याचं घनमूळ. तीन तास.

सव्वासहातून तीन गेले, सव्वातीन.

तो सव्वातीनला जिवंत होता. शंकू आडवा झालेला त्याने बघितला. गॅस बंद केला, झडप लावली. फोनच्या नंतर दोन तास तो नीट काम करत होता. फोन चहापत्तीचा होता!

मी कपाटाच्या आडोशाला उभी राहून रडले. सुखाने रडले म्हणायची लाज वाटते, पण तसंच होतं ते.

रात्री

मुलांना मी नेहमी सांगते, उत्तर आधी ठरवून गणित सोडवू नका. म्हणून पुन्हा तपासलं. भट्टी फार तापलेली असताना सूत्रापेक्षा जरा घाईने उतरते, हे खरं. पण तो फरक धरला तर वेळ आणखी अलीकडेच येते, साडेतीनच्या बाजूला. म्हणजे चूक झाली तरी माझ्याच बाजूने.

एकच खटकतं. पाटीवर त्याचे आकडे आहेत — पहाटेपासून दर तासाला, शेवटचा साडेबाराचा, ११२० — पण बंद केल्याची वेळ नाही. ती तो कधी विसरत नसे. पैज असायची ना. बरं वाटत नसेल तेव्हा, दमला असेल, खाली बसला असेल. आणि मग.

२२ नोव्हेंबर

लेकीला सांगितलं. कागद काढून सगळं मांडून दाखवलं, लहानपणी दाखवायचे तसं. ती एकेक पायरी बोट ठेवून बघत गेली. शेवटी म्हणाली, "म्हणजे तू उचलला असतास तरी—" हो, म्हटलं, तरी काही झालं नसतं. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. दिवसाढवळ्या, तीन तास. या दहा दिवसांत पहिल्यांदाच.

आप्पांनाही सांगायला हवं होतं. त्यांच्या खाटेशी बसले. त्या दिवशी ओरडल्याबद्दल माफी मागितली. म्हटलं, आप्पा, तो एकटा तळमळत पडला नव्हता. सव्वातीनपर्यंत उभा होता. स्वतःच्या हाताने भट्टी बंद करून गेला. मी गणित केलंय.

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. डोळे भरून आले त्यांचे. मग माझ्या डोक्यावर डावा हात ठेवला आणि म्हणाले, "बरं."

आजवर त्यांच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात मऊ 'बरं'.

२५ नोव्हेंबर

झोप लागते आहे. जेवण जातं. रडणंही येतं, पण आता ते त्याच्यासाठी येतं, माझ्यासाठी नाही. फरक असतो दोन्हींत, हे ठाऊक नव्हतं.

आप्पा आता मला ओढत नाहीत. पण खात नाहीत काही. कारखान्यात जाऊन चाकाशेजारच्या स्टुलावर बसून असतात. उठवायला गेले तर उठतात.

२७ नोव्हेंबर

दीर पुन्हा आले. "वहिनी, आता तरी!" मी त्यांना सूत्र सांगितलं. शिल्लक दर नऊ तासांनी निम्मी होते. निम्म्याची निम्मी, तिचीही निम्मी. शून्य कधीच होत नाही. कितीही दिवस थांबा, हवेपेक्षा थोडीशी गरम ती राहणारच. दीर बिचारे ऐकून घेतात. लेक म्हणाली, "आई, जरा बघ. काटा तीसवर आहे. शेडमध्येही तीसच आहे." काटा जाडा आहे म्हटलं. ती हसली. मीही.

पण आतमध्ये अजून त्याने कोंडलेली हवा आहे. त्याने रचलेल्या फळ्या, त्याने ठेवलेला एकेक पेला, जसा ठेवला तसा. दार फोडलं की त्याचं काहीच व्हायचं राहिलेलं नसेल. सूत्राच्या आडोशाला किती दिवस बसणार मी?

२९ नोव्हेंबर

ठरलं. उद्या रविवार, उद्या उघडायची. परवा लेक परत जाणार, तिला निळ्या बरण्या बघायच्या आहेत. आप्पांना सांगितलं. त्यांनी मान फिरवली.

३० नोव्हेंबर

सकाळी लेक उठायच्या आधीच मी कारखान्यात गेले. म्हटलं, आधी मागच्या डोळ्यातली वीट काढून आत बघावं. भट्टीमागच्या त्या अरुंद बोळात, बर्नरच्या मागे कुणी जात नाही, मीही तेव्हापासून गेले नव्हते.

विटेभोवती माती लिंपलेली आहे. वाळून भेगा पडलेली. तिच्यावर बोटांचे ठसे. डाव्या हाताचे.

वळले तर आप्पा बोळाच्या तोंडाशी उभे. मी म्हटलं, "तुम्ही बंद केलीत?" त्यांनी मान डोलावली. "तेव्हा तो?" त्यांनी डावी मूठ कानाला लावली, फोन धरावा तशी. मग ती मूठ उघडून हात खाली सोडून दिला.

मी फोन पालथा घातला तेव्हा तो मला बोलावत होता. आणि तो गेल्यावर आप्पा, बर्नरच्या त्या आवाजात एका शब्दानिशी कुणाला हाक मारणार होते! दोन तास मुलाजवळ बसून राहिले. शंकू पडेपर्यंत. भट्टी अर्धवट सोडत नाहीत.

दार लेकीच्या हाताने उघडलं. एकही भांडं तडकलेलं नाही. बरण्या इतक्या निळ्या आहेत की तिने एक उचलून थेट उजेडात नेली. मग म्हणाली, "सव्वातीन. बाबांनी अगदी बरोबर वेळेला बंद केली होती ना गं?"

हो, म्हटलं. अगदी बरोबर वेळेला.

ती बरण्या धुवायला घेऊन गेल्यावर मी ओला फडका घेतला आणि विटेवरची माती पुसून काढली. आप्पांना म्हटलं, तिला कधी कळू द्यायचं नाही.

"बरं," म्हणाले आप्पा.